बांबूच्या धनुष्याला दोरी कशाची लावायची आणि घरी कशी वळायची

ओझरच्या एका दादांनी विचारलंय. मुलगी तेरा वर्षांची, शाळेतून इंडियन राउंड (देशी धनुष्याची धनुर्विद्या स्पर्धा) खेळते, बांबूचं धनुष्य आहे, पाउंडेज (धनुष्य पूर्ण ओढायला लागणारी ताकद, पौंडांत) २६ च्या आसपास, आणि एका महिन्यात दोन वेळा दोरी तुटली. शिवाय दादांनी स्वतः घरी खपून एक ४५ पौंडाचं धनुष्य केलंय त्याला अजून दोरीच नाही. दुकानदार म्हणतो फास्ट फ्लाइट घ्या, गावचे काका म्हणतात अंबाडीची वळून देतो, मित्र म्हणतो मासे धरायची तंगूस लाव काही होत नाही. तर यातलं कोणाचं ऐकायचं आणि घरी दोरी करता येते का.

येते दादा, नक्की येते, आणि मी तर म्हणेन पारंपरिक धनुष्य वापरणाऱ्याने स्वतःची दोरी स्वतःच करावी. मी पंचवटीत घराच्या गच्चीवर गेली वीस-बावीस वर्षं धनुष्य आणि दोऱ्या करतोय त्यामुळे जरा लांबण लागेल, पण नीट वाचा.

आधी मुलीचं. ओढलेली दोरी तुटली की जी ताकद बाणात जायला पाहिजे ती सगळी लिम्बमध्येच आपटते (लिम्ब म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग). बाण न लावता दोरी सोडल्यासारखंच ते, ड्राय फायर म्हणतात त्याला. ते धनुष्य असे दोन धक्के खाऊन बसलंय म्हणून नवीन दोरी चढवायच्या आधी उन्हात नेऊन दोन्ही लिम्ब बघा, बांबूच्या सालीवर आडवी बारीक घडी किंवा उभी चीर दिसते का, नख फिरवून बघा, हलकं वाकवून कान लावा. चिरकण्याचा आवाज आला तर पोरीच्या हातात ते देऊ नका, एवढं माझं ऐकाच.

आणि दोन्ही वेळा दोरी तुटली कुठे? हे तुम्ही लिहिलं नाहीये पण सगळं यावरच आहे. फासापाशी एकाच जागी दोन्ही वेळा तुटली असेल तर दोरीचा दोष नाही, टोकाच्या खाचेला धार आहे. थोडा कापूस घ्या आणि खाचेतून ओढा, जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथेच तुमची दोरी कापली जातेय. ४०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्या कडा गोल करा, वरून पातळ वॉर्निश, काम झालं. मधे, बाण लावतो तिथे तुटली असेल तर सर्व्हिंग (तिथे दोरीवर घट्ट गुंडाळलेला दोरा) ढिलं होतं नाहीतर बाणाचा नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) दोरी चावत होता. आणि मधल्या मोकळ्या भागात कुठेही तुटली असेल तर माल खराब किंवा धागे कमी-जास्त ताणाचे.

आता माल. लोक पहिला प्रश्न विचारतात कशाने बाण जोरात जाईल. मी हा प्रश्न शेवटी ठेवतो. आधी बघायचं की आपल्या धनुष्याचं टोक काय सोसू शकतं, कारण दोरी दर बाणाला टोकावरच झटका देते, आणि टोकच गेलं तर बाकीचं धनुष्य कितीही मेहनतीने तासलेलं असू दे, ते चुलीतच जातं.

बाजारात मिळणारा सगळ्यात भरवशाचा माल म्हणजे डॅक्रॉन, पॉलिस्टरच तो, बी-५० आणि आता बी-५५ नावाने येतो. एका धाग्याची ताकद साधारण ५० पौंड. थोडा ताणतो, म्हणजे बाण सुटल्यावर लिम्ब थांबतात त्या क्षणी दोरी किंचित लांब होते आणि झटका गिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर धनुर्धर लिननवरून हळूहळू याच्यावर आले आणि लाकडी, बांबूच्या, जुन्या फायबरच्या धनुष्यांना आजही पहिली पसंती हीच. तुमच्या मुलीच्या धनुष्याला डॅक्रॉन, दुसरा विचारच करू नका.

फास्ट फ्लाइट म्हणजे पॉलिथिलीनचाच पण फार ताकदवान धागा. स्पेक्ट्रा, डायनीमा ही सगळी त्याच खानदानातली, १९८० च्या दशकात दोऱ्यांमध्ये आली. त्याच्या आधी केव्हलार होतं, ते अजिबात न सांगता फटकन तुटायचं म्हणून मागे पडलं. फास्ट फ्लाइट ताणत जवळजवळ नाही, हलका आहे, एकेका धाग्याला १०० पौंडांच्या आसपास किंवा वर ताकद, बाण सेकंदाला काही फूट जास्त जातो, आवाजही बदलतो. खोटं कशाला बोलू, हातात फार छान वाटतं. पण.

२०११ साली मी बांबूची पाठ लावलेलं ५० पौंडाचं एक धनुष्य केलं होतं, टोकं अगदी बारीक काढली होती, दिसायला सुंदर. त्याला दहा धाग्यांची फास्ट फ्लाइटची दोरी लावली कारण हिशेबाने दहा धागे पुष्कळ होतात, ताकद हजार पौंडाच्या घरात. चाळीसेक बाण मारले असतील, एकदा बारीक टक् असा आवाज आला, मी दोरी काढून बघितली, दोरी ठीक, मूठ ठीक, परत मारायला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच बाणाला वरचं टोक उभं फाटलं आणि पट्टी माझ्या कानाजवळून गेली. नंतर भिंगाने बघितलं तर खाचेच्या तळाशी दोरीने लाकडात जवळपास एक मिलिमीटर खोल रेघ पाडली होती, सुरीने कापल्यासारखी सरळ, आणि तिथूनच लाकडाच्या रेषेने चीर गेली होती.

तेव्हा मला एक गोष्ट कळली जी लोक अर्धीच सांगतात. सगळे म्हणतात न ताणणारी दोरी धनुष्य तोडते. पण लिनन आणि ताग तरी कुठे ताणतात? लिनन तर डॅक्रॉनपेक्षा कमी ताणतो, आणि शेकडो वर्षं लाकडी धनुष्यांना असल्याच दोऱ्या होत्या. फरक जाडीचा आहे. लिननची दोरी जाड असते, फास गुबगुबीत असतो, खाचेत पसरून बसतो. माझी दहा धाग्यांची फास्ट फ्लाइट तारेसारखी बारीक होती आणि तो सगळा झटका एका रेषेवर येत होता. म्हणून आता ४५ च्या धनुष्याला कोणाला फास्ट फ्लाइटच पाहिजे असेल तर मी दोन अटी घालतो. एक, टोकांवर शिसवीची किंवा म्हशीच्या शिंगाची टोपी चिकटवायची आणि खाच त्या टोपीत घ्यायची, नुसत्या बांबूत नाही. दोन, दोरी १४-१६ धाग्यांची करायची आणि फासाच्या जागी प्रत्येक पेडात दोन-तीन जास्तीचे धागे दीड फूट लांबीचे घालून फास जाड करायचा. हे दोन्ही करणार नसाल तर डॅक्रॉनच लावा, तुमच्या पहिल्या धनुष्याला तर मी डॅक्रॉनच सुचवेन, आधी ते धनुष्य वर्षभर जगू दे.

नाशिकच्या हवेचं एक सांगतो. डायनीमा वगैरे साधारण १४५-१५० डिग्रीला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडून लांबायला लागतं, पॉलिस्टर अडीचशेच्या पुढे जातं. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत, काचेजवळ दोरी ठेवून कामाला जाऊ नका. आणि मेण वितळवायला लायटर फिरवणारे महाभाग मी पाहिलेत, कृपा करून करू नका. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं होतं अगदी, दोरी वरून जशीच्या तशी दिसते आणि आतला जीव गेलेला असतो.

तंगूस आणि नायलॉन, एका शब्दात नाही. नायलॉन तुटायच्या आधी आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ताणतं. तुम्ही दोरी चढवाल, संध्याकाळपर्यंत ढिली, परत पीळ द्याल, परत ढिली. लिम्बची ताकद दोरी ताणण्यातच जाते. येवल्याच्या संक्रांतीचे पतंग आपण सगळे बघतो, नायलॉन मांजाने गळे कापले जातात तेही बघतो, तो धागा बोटात धरून ओढायचा विचार तरी करवतो का.

इथे एक फसवणूक होते ती सांगून ठेवतो. मला एकदा एका दुकानातून डॅक्रॉन म्हणून नायलॉनचं रीळ मिळालं, आणि फास्ट फ्लाइट म्हणून साधं पॉलिस्टर तर खूप जणांना मिळालंय. घरी ओळखायची युक्ती आहे. धाग्याचा बोटभर तुकडा घ्या, भांडी घासायच्या लिक्विडने चोळून त्याचं मेण पूर्ण काढा, ग्लासभर पाण्यात टाका आणि बोटाने दाबून तळाला न्या. डायनीमा-स्पेक्ट्रा पाण्यापेक्षा हलकं, सोडल्यावर वर येऊन तरंगतं. पॉलिस्टर आणि नायलॉन दोन्ही तळाला बसतात. मग त्या दोघांतला फरक हाताने, एक हात लांब धागा दोन काड्यांना गुंडाळून जोरात ओढा, नायलॉन रबरासारखं येतं, पॉलिस्टर थोडं येऊन अडतं. मेण काढायला विसरू नका, मेण स्वतःच तरंगतं आणि चुकीचं उत्तर देतं.

आता गावच्या काकांकडे येतो, कारण काका अजिबात चुकीचं बोलत नाहीयेत. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात मौर्वी म्हणतात ते मूर्वा नावाच्या वनस्पतीवरून, तिच्या तंतूंची दोरी करायचे. ही मूर्वा नक्की कोणती यावर वैद्य आणि वनस्पतीवाल्यांचे मतभेद आहेत, पण घराघरांत कुंडीत जो स्नेक प्लांट असतो त्याच्या भारतीय भावंडाला इंग्रजांनी बोस्ट्रिंग हेम्प म्हणजे धनुष्याच्या दोरीचा ताग हेच नाव दिलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर दोरीच्या मालाची यादीच आहे, मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि जनावरांचे स्नायू. म्हणजे शेतात होणाऱ्या तागाची दोरी आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून धनुष्याला लागतेय.

अडचण एवढीच की आपण आज अंबाडी किंवा ताग सोलतो ते कासऱ्यासाठी, दाव्यासाठी. त्यात जाडेभरडे, अर्धवट कुजलेले, तुटके तंतू चालतात कारण कासरा अंगठ्याएवढा जाड असतो. धनुष्याची दोरी तीन मिलिमीटरमध्ये बसवायची असते. काका वळणार असतील तर त्यांना सांगा की बुडखा आणि शेंडा टाकून मधलाच माल घ्या, नीट सडवून धुतलेला, आणि बारीक फणीने इतका विंचरा की निम्मा माल फणीत राहिला तरी चालेल. मग ती चांगली होते, पण डॅक्रॉनपेक्षा जाड आणि जड. आणि जड दोरीचा तोटा असा की दोरीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग बाणाच्या वजनात मिळवल्यासारखा होतो, बाण तेवढा मंदावतो. २६ पौंडाच्या हलक्या धनुष्याला ते लगेच जाणवतं, म्हणून मुलीच्या धनुष्यावर काकांची दोरी नको, तुमच्या ४५ वर हौसेने जरूर लावून बघा.

सुरगाण्याकडे एका म्हाताऱ्या बाबांनी मला वेळूची दोरी करून दाखवली होती, ती अजून डोळ्यासमोर आहे. कमठा म्हणजे धनुष्य मानवेल जातीच्या बांबूचं, आणि दोरीसुद्धा बांबूचीच, बाहेरच्या हिरव्या सालीची एक अखंड पट्टी. बाबांनी कोयत्याने पट्टी सोलली, मांडीवर फडकं टाकून कोयता उभा धरला आणि पट्टी खालून ओढत ओढत आतला मऊ भाग खरवडत गेले, मधेच थांबायचे, पट्टी बोटांवर वाकवून बघायचे, जिथे वाक अडतो तिथे परत खरवडायचं. शेवटी ती करंगळीच्या नखापेक्षाही बारीक झाली. टोकांना सुतळीने फास बांधले. ती दोरी ताणत तर अजिबातच नाही, पावसाळ्यात सर्दावली तरी फार बिघडत नाही, पण मे महिन्यात कोरडी पडली की तडकते, म्हणून बाबा तिला अधूनमधून ओला हात फिरवायचे. भिल्लांच्या धनुष्यालाही बांबूचीच दोरी असते. मी स्वतः आठ-दहा वेळा प्रयत्न केला, दोनच टिकल्या. पेऱ्याच्या गाठीपाशी हात चुकतो माझा.

रेशमाबद्दल खूप जण विचारतात कारण येवला जवळ आहे. तुर्की आणि आपल्याकडच्या जुन्या शिंगाच्या धनुष्यांना रेशमाच्या दोऱ्या असायच्या, उत्तम माल आहे, हलका आणि चिवट. पण पैठणीसाठी रंगवलेलं रेशीम घेऊ नका, डिंक काढताना आणि रंगवताना त्याची ताकद थोडी जाते आणि त्याला पीळही वेगळ्या कामाचा असतो. न रंगवलेलं, पीळदार घ्या. आणि रेशीम ओलं झालं की कमजोर होतं, लिनन उलट ओलं झालं की मजबूत होतं, त्यामुळे इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात रेशमाची दोरी नेऊ नका.

नैसर्गिक मालातली माझी आवड विचाराल तर लिननचा दोरा. चामड्याचं शिवणकाम आणि बुकबाइंडिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. डॅक्रॉनवर ताकद छापलेली असते, यावर नसते, म्हणून धागे किती घ्यायचे ते मोजावं लागतं. एक गोल पाइप आडवा बांधा, धागा त्याला पाच-सहा वेढे देऊन मग अडकवा, गाठ मारू नका कारण गाठीवर धागा निम्म्या ताकदीतच तुटतो आणि हिशेब चुकतो. खाली बादली, तिच्या कडीलाही धागा तसाच वेढे देऊन. बादलीत हळूहळू पाणी ओता, एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचं वजन धरायचं. पाच वेळा करा आणि सगळ्यात कमी आकडा घ्या. समजा सहा किलोला तुटला. तुमचं धनुष्य ४५ पौंड म्हणजे वीस किलो. पूर्ण दोरीची ताकद पाउंडेजच्या निदान चौपट पाहिजे असं सगळे मानतात, नैसर्गिक मालाला मी पाचपट धरतो, म्हणजे १०० किलो. भागिले सहा, सतरा धागे. पिळात आणि कमी-जास्त ताणात थोडी ताकद जाते म्हणून २४ घ्या, तीन पेडांत आठ-आठ. हे काम अर्ध्या तासाचं आहे, कंटाळा करू नका.

डॅक्रॉनला एवढं काही नको. ३५ पौंडांपर्यंत १० धागे, ३५ ते ४५ ला १२, त्याच्या वर ५५ पर्यंत १४. तुमच्या मुलीला १०, तुम्हाला १२ किंवा १४. ताकदीच्या मानाने हे खूप जास्त वाटेल, पण दोरी खाचेत आणि बाणाच्या नॉकमध्ये नीट बसायला जाडी लागते.

आता वळायची कशी. मी फ्लेमिश ट्विस्टच शिकवतो. नाव परदेशी आहे पण ज्याने लहानपणी कासरा वळताना पाहिलाय त्याला दोन मिनिटांत कळतं, एकेका पेडाला एका बाजूने पीळ आणि दोन्ही पेड एकमेकांवर उलट्या बाजूने. त्या उलट्या पिळामुळेच ती गाठीशिवाय धरून राहते. दुसरी पद्धत एन्डलेस लूप, दोन खिळ्यांभोवती धागा गुंडाळायचा, तीही चांगली आहे पण तिला ताण देणारी चौकट म्हणजे जिग लागते आणि लांबी नंतर फार बदलता येत नाही, नव्या माणसाला ती सोय पाहिजेच.

लांबी अशी. धनुष्य उतरवलेलं असताना पाठीवरून खाच ते खाच मोजा, त्यापेक्षा तीन इंच कमी दोरी तयार झाली पाहिजे. टोकं पुढे वळलेली असतील म्हणजे रिकर्व्ह असेल तर चार इंच. धागे कापताना मात्र खाच ते खाच अधिक १८ इंच. म्हणजे ६६ चं धनुष्य असेल तर धागे ८४ इंच, दोरी ६३.

१२ धाग्यांची दोरी म्हणजे सहा-सहाचे दोन पेड, दोन रंगात घ्या, पहिल्या वेळी तर घ्याच. धाग्यांची टोकं एका रेषेत कापू नका, प्रत्येक पुढचा धागा अर्धा इंच मागे राहील असं ठेवा म्हणजे शेपूट निमुळती होते, नाहीतर शेपूट संपते तिथे दोरीला एकदम उंचवटा येतो आणि तिथे ती कमजोर पडते. मग मेण. मधमाशीच्या मेणात थोडी राळ घालून मी वड्या करून ठेवतो, राळेने चिकटपणा येतो. टोकाचे वीतभर नाही तर चांगले फूटभर मेण लावा, धागे एकमेकांना चिकटून एक दोरा झाल्यासारखे दिसले पाहिजेत.

टोकापासून आठ इंचांवर दोन्ही पेड डाव्या चिमटीत धरा. उजव्या हाताने लांबच्या पेडाला तुमच्यापासून दूर पीळ द्या, घट्ट, आणि तो पेड दुसऱ्यावरून तुमच्याकडे आणा. आता दुसरा लांब झाला, त्यालाही तेच. दूर पीळ, जवळ आणा. तीन इंच झालं की ते वाकवून गोल करा, हा वरचा फास, धनुष्य उतरवल्यावर लिम्बवरून खाली सरकेल एवढा मोठा. आता शेपट्या खाली आल्या, लाल शेपूट लाल पेडाला, काळी काळ्याला, मेणाने चिकटवा आणि परत तोच पीळ चालू करा, शेपट्या संपल्या की त्यापुढेही दोन इंच जा. इथे घाई करणाऱ्याचा फास नंतर सरकतो. मग मधला भाग सरळ सोडवून घ्या, दुसऱ्या टोकाला जायच्या आधी प्रत्येक धागा ओढून सारखा करा.

हे सारखं करणं म्हणजे अर्धी कला. एखादा धागा जरा जरी आखूड राहिला तर सगळा भार आधी त्याच्यावर येतो, तो तुटतो, मग पुढचा. डॅक्रॉन ताणतं म्हणून थोडी चूक सांभाळून घेतं, फास्ट फ्लाइट आणि लिनन सांभाळत नाहीत. मी वरचा फास गच्चीच्या खिळ्याला अडकवतो, दोन्ही पेड वेगवेगळे ओढतो आणि बोटाने छेडतो, ढिला धागा लगेच लोंबताना दिसतो. खालचा फास तसाच, फक्त दोन इंचांचा, लहान. शेवटी पूर्ण दोरीला २०-२५ पीळ, फास ज्या दिशेने वळलेत त्याच दिशेने. उलट्या दिशेने दिलेत तर फासाचे सांधे उघडतात, आणि हीच चूक नव्यांकडून सगळ्यात जास्त होते.

चढवा. मूठ धनुष्यावर ठेवून अंगठा ताठ उभा केला की अंगठ्याच्या टोकाला दोरी लागली पाहिजे, ही दोरीची उंची, साधारण सहा ते सात इंच, सरळ धनुष्यांना तेवढं बरोबर. कमी असेल तर उतरवून पीळ वाढवा, पण दर इंचाला एकापेक्षा जास्त पीळ लागायला लागले तर दोरी लांब झालीय, नवीन करा. चामड्याच्या तुकड्याने दोरी जोरात घासा, मेण गरम होऊन आत मुरेल. रात्रभर चढवून ठेवा, फक्त या पहिल्या रात्री, एरवी बांबूचं धनुष्य बाण मारून झाले की उतरवायचंच. सकाळी ती अर्धा-पाऊण इंच खाली आलेली असेल, घाबरू नका, पेड बसतायत. पहिल्या ५०-६० बाणांनंतर थांबते.

त्यानंतरच सर्व्हिंग करा, आधी केलंत तर दोरी बसल्यावर ते ढिलं होतं. बाण लागतो त्या जागेच्या अडीच इंच वरून सुरू करून चार-साडेचार इंच खाली. घट्ट, वेढ्याला वेढा चिकटून, आणि शेवटचे बारा-पंधरा वेढे स्वतःच्याच टोकावरून घेऊन टोक आत ओढून घ्या. दिशा बरोबर आहे का बघायला तीन बोटांनी बाण ओढतो तशी दोरी धरून सोडल्यासारखी बोटं फिरवा, सर्व्हिंग आवळलं पाहिजे. सुटायला लागलं तर दिशा उलटी झाली, परत करा. मग बाण लावून धनुष्य आडवं धरा म्हणजे बाण खाली लोंबेल. तो आपोआप धरून राहिला पाहिजे आणि दोरीवर बोटाने टिचकी मारली की पडला पाहिजे. टिचकीनेही पडत नसेल तर घट्ट, पातळ दोऱ्याने परत सर्व्ह करा. नुसता लावल्या लावल्या पडत असेल तर ते जास्त वाईट, सोडताना बाण निसटतो आणि परत ड्राय फायर.

मुलीला हे तपासायची सवय लावा, रोज पहिल्या बाणाआधी दोन्ही फास, खाचांच्या जागा, सर्व्हिंगची दोन्ही टोकं. नुसती लव आली असेल तर मेण लावा. एक जरी धागा तुटलेला दिसला तर ती दोरी त्याच क्षणी कापून टाका, जपून ठेवलीत तर घाईच्या दिवशी कोणीतरी तीच चढवतं.

आणि तिच्यासाठी एक नाही, दोन दोऱ्या करा, एकाच रिळातून, एकाच दिवशी. दुसरीही शंभर बाण मारून बसवून घ्या, किती पिळांवर बरोबर उंची येते ते कागदावर लिहून दोरीसोबत पिशवीत ठेवा, काढताना पीळ सुटू नये म्हणून दोन्ही फास एकत्र बांधा. स्पर्धेत एक गेली तर पाच मिनिटांत दुसरी चढते आणि बाण तिथेच लागतो. तोपर्यंत तिचं धनुष्य उन्हात धरून बघितलंत की टोकाचा जवळून एक फोटो मला पाठवा, खाचेचा तळ स्पष्ट दिसेल असा.